पूल उघडा कसा ठेवायचा? : बनारस ते पुणे, एका प्रश्नाचा प्रवास

भाईंदरच्या माणसाला पूल म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही. खाडीपलीकडचे नायगाव लोकलने पाचेक मिनिटांवर आहे, कारण मध्ये पाणजू बेटाला धरून रेल्वेचा पूल आहे. वसईला रस्त्याने जायचे म्हटले, तर काशीमिरा, घोडबंदर, महामार्गावरचा खाडीपूल आणि मग पुन्हा पश्चिमेकडे असा ३५-४० किलोमीटरचा वळसा पडतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये भाईंदर-वसई रो-रो बोट सुरू झाली, तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी पहिल्याच आठवड्यात गाडी चढवून पाहिली. दोन गावे जागची हलली नव्हती, तरी त्यांच्यातले अंतर कमी झाले होते.

भौतिकशास्त्रात अशाच एका पुलाचा अभ्यास गेली नव्वद वर्षे चालू आहे. तो पूल नदी-खाडीवरचा नाही, अवकाश-काळातला आहे. इंग्रजीत त्याला वर्महोल म्हणतात, मराठीत कृमिविवर. विश्वातल्या दोन दूरच्या जागा जोडणारा तो एक बोगदा. असा बोगदा आजवर कोणी पाहिलेला नाही. पण आइन्स्टाइनच्या समीकरणांत तो बसतो, आणि बसतो म्हटल्याबरोबर एक साधा, व्यवहारी प्रश्न उभा राहतो : तो उघडा कशाने राहणार?

मित्रमैत्रिणींनो आणि गुरुजनहो, स्मरणिकेत शाळेच्या आठवणी येणारच आहेत. मी मात्र या एका प्रश्नाचा इतिहास सांगायचे ठरवले, त्याला दोन कारणे आहेत. या इतिहासात कोल्हापूर, बनारस, कोलकाता आणि पुणे ही नावे पुन्हा पुन्हा येतात, पण मुलांना वर्महोल माहीत होते ते इंग्रजी चित्रपटांतून. आणि दुसरे, हा इतिहास बराचसा शिक्षक आणि विद्यार्थी यांचा आहे.

बंद होणारा पूल

आइन्स्टाइनने व्यापक सापेक्षता सिद्धांत १९१५ मध्ये मांडला. वस्तुमान आणि ऊर्जा यांमुळे अवकाश-काळ वाकतो आणि त्या वाकण्यालाच आपण गुरुत्वाकर्षण म्हणतो, हे त्याचे सार. १९३५ मध्ये आइन्स्टाइन आणि त्यांचे सहकारी नेथन रोझेन यांना समीकरणांच्या एका उत्तरात दोन सपाट पृष्ठभागांना जोडणारी एक मान दिसली. त्यांनी तिला 'पूल' असेच म्हटले. प्रवास त्यांच्या डोक्यात नव्हता. सूक्ष्म कणांचे गणिती चित्र या पुलातून मिळेल का, हे ते पाहत होते.

'वर्महोल' हा शब्द अमेरिकेतले जॉन व्हीलर यांनी १९५७ च्या सुमारास रूढ केला. सफरचंदाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला पृष्ठभागावरून फिरून जाण्यापेक्षा आळी आतून पोखरून जाते, तशी ही वाट. पण १९६२ मध्ये व्हीलर आणि रॉबर्ट फुलर यांनीच गणिताने दाखवले, की आइन्स्टाइन-रोझेन पूल प्रत्यक्षात वापरता येणार नाही. त्याचा घसा उघडतो आणि लगेच आवळला जातो. तो इतक्या वेगाने बंद होतो, की प्रकाशाचा किरणही एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडू शकत नाही. प्रकाशालाच जमत नाही, तर माणसाचे यान दूरच राहिले.

म्हणजे पूल आहे, पण गाडी चढायच्या आत तो कोसळतो. त्याला टेकू हवा. टेकू कशाचा, हे कळण्यासाठी लागणारी हत्यारे मात्र तोवर भारतात घडत होती. ज्यांनी ती घडवली, त्यांच्या मनात वर्महोल नव्हते.

बनारसचे गुरुजी, कोलकात्याचे समीकरण

विष्णु वासुदेव नारळीकर यांचा जन्म १९०८ मध्ये कोल्हापूरचा. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकून ते केंब्रिजला गेले. पंडित मदनमोहन मालवीय यांच्या बोलावण्यावरून १९३२ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ते बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. ज्या काळात जगातही सापेक्षता सिद्धांतावर काम करणारे थोडेच होते, त्या काळात त्यांनी बनारसला या विषयाचा अभ्यासगट उभा केला.

या गटात १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला एक तरुण गुजराती शिक्षक दाखल झाले. त्यांचे नाव प्रल्हाद चुनीलाल वैद्य. त्यांचा प्रश्न सोपा होता. ताऱ्याभोवतीच्या अवकाश-काळाचे श्वार्झशिल्ड यांनी १९१६ मध्ये दिलेले उत्तर न चमकणाऱ्या ताऱ्याचे आहे. खरा तारा तर प्रकाश बाहेर टाकतो, म्हणजे सतत ऊर्जा गमावतो. मग त्याच्याभोवतीचा अवकाश-काळ कसा असेल? वैद्यांनी १९४३ मध्ये त्याचे नेमके उत्तर काढले. ते आज जगभर 'वैद्य मेट्रिक' म्हणून ओळखले जाते. पुढे २००४ मध्ये कृष्णविवरापासून वर्महोल कसे बनवता येईल याचे गणित शॉन हेवर्ड आणि हिरोको कोयामा यांनी मांडले, तेव्हा कृष्णविवरात सोडायच्या ऋण ऊर्जेच्या किरणांचे वर्णन करायला वैद्यांचेच उत्तर कामी आले. साठ वर्षांपूर्वी ताऱ्यासाठी केलेली आकडेमोड अशी कुठल्या कुठे पोचली.

दुसरे हत्यार कोलकात्याचे. अमल कुमार रायचौधुरी यांचे १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेले समीकरण विचारते, की एकत्र निघालेल्या वाटांचा जुडगा पुढे जाताना आकुंचन पावेल की फाकेल? आपण प्रयोगशाळेत भिंगे हाताळली आहेत. बहिर्गोल भिंग किरणांना एकत्र आणते, अंतर्गोल भिंग त्यांना फाकवते. रायचौधुरींचे समीकरण प्रकाशकिरणांना लावले, की असे दिसते : नेहमीचा कोणताही पदार्थ, मग तो दगड असो, पाणी असो की तारा, गुरुत्वाकर्षणामुळे बहिर्गोल भिंगासारखाच वागतो. किरण जवळ येतात.

आता वर्महोलचा घसा डोळ्यांसमोर आणा. नरसाळ्याच्या तोंडातून किरण आत शिरताना जवळ येतात आणि पलीकडच्या नरसाळ्यातून बाहेर पडताना फाकतात. म्हणजे घशापाशी अंतर्गोल भिंग हवे. नेहमीचा पदार्थ ते काम करू शकत नाही. जो करेल, त्याची ऊर्जा किरणाच्या दृष्टीने शून्याहून कमी, म्हणजे ऋण हवी. वर्महोलच्या टेकूचा सगळा तंटा या एका वाक्यात आहे.

ऋण ऊर्जेचा एक जुना हिशेब

ऋण ऊर्जा हा शब्द ऐकून हसू येण्याआधी विष्णुपंतांच्या चिरंजीवांकडे वळू या. जयंत नारळीकर १९३८ मध्ये कोल्हापुरात जन्मले, बनारसला वाढले आणि केंब्रिजला फ्रेड हॉइल यांचे विद्यार्थी झाले. १९६० च्या दशकात गुरू-शिष्यांनी स्थिर स्थिती विश्वाच्या कल्पनेला गणिती पाया देण्याचे काम केले. विश्व प्रसरण पावत असूनही त्याची घनता तीच राहायची, तर नवा पदार्थ सतत निर्माण व्हायला हवा. मग ऊर्जेच्या जमाखर्चाचे काय? हॉइल आणि नारळीकर यांनी त्यासाठी 'सी-फील्ड' म्हणजे निर्मिती-क्षेत्र वापरले. या क्षेत्राची ऊर्जा ऋण आहे. पदार्थाची धन ऊर्जा जमेला आली, की क्षेत्राची ऋण ऊर्जा खर्चाला पडते आणि वही जुळते. १९६४ च्या एका शोधनिबंधात असे क्षेत्र असेल तर सगळे एका बिंदूत चिरडले जाणे कसे टळते, हेही त्यांनी दाखवले.

स्थिर स्थिती विश्व पुढे बहुसंख्य शास्त्रज्ञांनी स्वीकारले नाही. पण १९७३ मध्ये अमेरिकेतले होमर एलिस आणि रशियातले किरिल ब्रॉनिकोव्ह यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे आरपार जाता येईल अशा वर्महोलचे पहिले साधे उत्तर काढले, तेव्हा त्याला टेकू दिलेले क्षेत्र याच जातीचे होते. पदार्थाची निर्मिती चालू नसेल अशा जागी सी-फील्डचे आणि या टेकूचे समीकरण एकच येते. एका कामासाठी कल्पिलेली गोष्ट दुसरीकडे उपयोगी पडण्याची ही आणखी एक वेळ.

१९७४ हे वर्षही लक्षात ठेवण्यासारखे आहे. तेव्हा जयंतराव मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. त्या वर्षी त्यांनी अप्पाराव आणि नरेश दधीच यांच्यासह 'नेचर'मध्ये श्वेतविवरांतून येणाऱ्या किरणोत्सर्गावर निबंध लिहिला. श्वेतविवर म्हणजे कृष्णविवराची उलटी बाजू : जिथून फक्त बाहेर पडता येते. आइन्स्टाइन-रोझेन पुलाच्या पूर्ण गणितात ही दोन्ही येतात. त्याच वर्षी मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. आपल्या नावामुळे परीक्षकांवर दडपण येऊ नये म्हणून जयंतरावांनी स्वतःची आद्याक्षरे उलटी करून हे नाव घेतले होते. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा उतरवून काढली होती त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी. एकाच वर्षी 'नेचर' आणि विज्ञान परिषदेची स्पर्धा, दोन्हीकडे तितक्याच गांभीर्याने लिहिणारा माणूस आपल्या भाषेला लाभला.

१९८८

आपण नववीत होतो तो काळ. मीरा-भाईंदरची नगरपालिका होऊन तीनच वर्षे झाली होती, आणि पश्चिमेला मिठागरे नजर जाईल तिथवर पसरलेली होती. त्या वर्षी या कथेत दोन गोष्टी घडल्या.

पहिली अमेरिकेत. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांना आपल्या 'कॉन्टॅक्ट' (१९८५) या कादंबरीतल्या नायिकेला दूरच्या ताऱ्याकडे झटपट पाठवायचे होते, आणि विज्ञानाला धरून पाठवायचे होते. त्यांनी मित्र किप थॉर्न यांना विचारले. थॉर्न यांनी प्रश्न उलटा धरला. पदार्थ घेऊन त्याचा वर्महोल होतो का, हे शोधण्याऐवजी त्यांनी आधी माणसाला सुखाने जाता येईल असा वर्महोल कागदावर आखला आणि मग त्याला कसला पदार्थ लागेल ते समीकरणांना विचारले. उत्तर आले : ऋण ऊर्जेसारखा वागणारा, म्हणजे ज्यात ताण ऊर्जा-घनतेपेक्षाही जास्त आहे असा. त्याला त्यांनी 'एक्झॉटिक' म्हटले, आपण 'विलक्षण पदार्थ' म्हणू. घशाची त्रिज्या तीन किलोमीटर असेल, तर तिथला ताण अतिजड न्यूट्रॉन ताऱ्याच्या गाभ्यातल्या दाबाएवढा निघतो.

मायकेल मॉरिस या विद्यार्थ्यासह लिहिलेला हा निबंध त्यांनी 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स' या शिक्षकांसाठीच्या नियतकालिकात दिला, आणि शीर्षकातच म्हटले, की सापेक्षता शिकवण्याचे हे एक साधन आहे. वर्महोलच्या आधुनिक अभ्यासाची सुरुवात अशी वर्गात शिकवण्याच्या साहित्यातून झाली. आपल्या शिक्षकांनी हे जरूर वाचावे.

दुसरी गोष्ट पुण्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याच १९८८ मध्ये 'आयुका' या खगोलविज्ञान केंद्राची स्थापना केली आणि जयंत नारळीकर त्याचे संस्थापक-संचालक झाले. विद्यापीठांतल्या अध्यापकांनी इथे यावे, काम करावे आणि परत आपल्या वर्गात जाऊन शिकवावे, हा आयुकाचा हेतू.

पुण्याचा प्रश्न : किती?

आयुकात नरेश दधीच होते. मूळचे राजस्थानचे. त्यांची पीएच.डी. पुणे विद्यापीठातली, मार्गदर्शक विष्णु वासुदेव नारळीकर. बनारसनंतर वडील नारळीकर पुण्याला लोकमान्य टिळक अध्यासनावर प्राध्यापक होते, तेव्हाची ही गोष्ट. म्हणजे वैद्य आणि दधीच एकाच गुरूचे शिष्य, मध्ये पाव शतकाचे अंतर.

दधीच, आयआयटी खरगपूरचे सायन कर आणि न्यूझीलंडचे मॅट व्हिसर यांनी २००३ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचा मुद्दा असा. विलक्षण पदार्थ लागतोच, हे प्रमेयांनी सिद्ध झाले आहे. पण एकूण किती लागतो, याबद्दल ती प्रमेये काहीच बोलत नाहीत. साधा अंदाज केला तर आकडा भीतिदायक येतो : मीटरभर घशासाठी गुरू ग्रहाच्या वस्तुमानाच्या जवळपासची ऋण ऊर्जा. या तिघांनी आधी 'किती' हे मोजण्याचे माप तयार केले, म्हणजे सगळ्या जागेतल्या विलक्षण पदार्थाची एक विशिष्ट बेरीज. मग दाखवले, की वर्महोलचा आकार विचारपूर्वक निवडला, तर ही बेरीज हवी तेवढी लहान करता येते. शून्य नाही, पण शून्याच्या हवी तितकी जवळ.

हे समजायला आपल्या पुलाचेच उदाहरण घ्या. कमान पेलायला मधला एक दगड लागतो. तो दगड नको म्हणता येत नाही, पण कमानीची आखणी बदलून तो लहान करता येतो. दधीच-कर-व्हिसर यांनी तो दगड किती लहान चालेल याचा हिशेब मांडला. त्याच वर्षी जयंतरावांनंतर दधीच आयुकाचे संचालक झाले.

हरकती

निबंध छापून आला म्हणजे प्रश्न संपला, असे विज्ञानात होत नाही. दोन बाजूंनी हरकती होत्या.

पहिली हरकत : ऋण ऊर्जा मिळते, पण उसनी मिळते. ती मुळीच नसते असे नाही. १९४८ मध्ये हेंड्रिक कासिमिर यांनी भाकीत केले, की निर्वात पोकळीत दोन धातूच्या पट्ट्या अगदी जवळ ठेवल्या, तर त्या एकमेकींकडे ओढल्या जातील, कारण मधल्या पोकळीची ऊर्जा बाहेरच्यापेक्षा कमी, म्हणजे ऋण असते. १९९७ मध्ये स्टीव्ह लामोरो यांनी हे बल नेमकेपणाने मोजले. पण ते केवढे? एक चौरस मीटरच्या पट्ट्या एक मायक्रोमीटरवर ठेवल्या, तर ओढ ग्रॅमच्या आठव्या हिश्श्याच्या वजनाएवढी. शिवाय लॅरी फोर्ड आणि थॉमस रोमन यांनी १९९० च्या दशकात दाखवले, की क्वांटम नियमांत ऋण ऊर्जेची उसनवारी जितकी मोठी, तितकी तिची मुदत छोटी, आणि परतफेड व्याजासह. या नियमाने तोलले, तर मोठ्या वर्महोलमधली ऋण ऊर्जा प्रोटॉनपेक्षाही कितीतरी पातळ थरात दाबून बसवावी लागते. २००५ मध्ये ख्रिस्तोफर फ्यूस्टर आणि रोमन यांनी हाच निकष पुण्याच्या निबंधातल्या आकारांना लावला. त्यांचा निष्कर्ष : बेरीज लहान झाली तरी ती बसवण्याच्या अटी इतक्या कडक होतात, की असे वर्महोल एकतर बाद होतात किंवा फारच बारीक जुळवणी मागतात.

दुसरी हरकत अधिक मूलभूत आहे. उघडा असणे आणि स्थिर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेन्सिल टोकावर उभी करता येते, तत्त्वतः. पण फुंकर मारली की पडते. एखादी रचना स्थिर आहे का, हे पाहायला तिला हलका धक्का देऊन कंप विरतात की वाढतात ते बघायचे. कृष्णविवराच्या बाबतीत हे काम १९७० मध्ये बंगळुरूचे सी. व्ही. विश्वेश्वर यांनी केले. धक्का दिलेले कृष्णविवर शाळेच्या घंटेसारखे घणघणते आणि शांत होते, म्हणजे ते स्थिर आहे. २०१५ मध्ये लायगोने पकडलेल्या पहिल्या गुरुत्वीय लहरींच्या शेवटी हीच विरत जाणारी घणघण शास्त्रज्ञांना अपेक्षित होती.

वर्महोलची कसोटी वेगळी निघाली. २००२ मध्ये हिसाआकी शिंकाई आणि शॉन हेवर्ड यांनी एलिसच्या वर्महोलला संगणकावर धक्का दिला. साध्या पदार्थाचा थोडा जरी अंश आत गेला, तर तो कोसळून कृष्णविवर होतो. विलक्षण पदार्थ किंचित जास्त झाला, तर फुगत जातो. म्हणजे प्रवाशाचे आत पाऊल टाकणे हीच पूल पाडणारी गोष्ट ठरते, आणि प्रत्येक प्रवाशामागे भरपाईचा विलक्षण पदार्थ मोजून घालावा लागतो. पेन्सिल टोकावर उभी होती, एवढेच.

आज

गेल्या दहा वर्षांत दिशा बदलली आहे. २०१७ मध्ये पिंग गाओ, डॅनियल जाफेरिस आणि अ‍ॅरन वॉल यांनी दाखवले, की वर्महोलच्या दोन तोंडांना क्वांटम पातळीवर एकमेकांशी जोडले, तर त्यातून निर्माण होणारी ऋण ऊर्जा घसा क्षणभर उघडा ठेवू शकते. २०१८ मध्ये हुआन माल्दासेना आणि सहकाऱ्यांनी चार मितींमध्ये, नेहमीच्या भौतिकशास्त्रातल्यासारखी कणक्षेत्रे वापरून, दीर्घकाळ टिकणारे उत्तर काढले. पण त्यात एक गंमत आहे : या पुलावरून जायला बाहेरच्या वाटेपेक्षा जास्त वेळ लागतो. वळसा वाचवणारा पूल निसर्ग सहजासहजी देत नाही, असे हे गणित सुचवते.

२०२२ च्या अखेरीस 'शास्त्रज्ञांनी वर्महोल बनवले' ही बातमी मोबाइलवरून सगळीकडे फिरली, आपल्या ग्रुपवरही आली. प्रत्यक्षात गूगलच्या क्वांटम संगणकावर ९ क्यूबिट वापरून, वर्महोलच्या गणिताशी मिळतेजुळते एक छोटे प्रारूप चालवले गेले होते. प्रयोगशाळेत अवकाश-काळात कुठलेही भोक पडले नव्हते. आणि ते प्रारूप तरी वर्महोलचे म्हणावे का, यावरही इतर शास्त्रज्ञांनी पुढच्या वर्षी सविस्तर आक्षेप घेतले.

म्हणून घरात मुलाने किंवा नातवाने विचारले, तर एवढे सांगावे : वर्महोल समीकरणांत बसतो, पण कोणी पाहिलेला नाही. तो उघडा ठेवायला ऋण ऊर्जा लागते आणि ती निसर्ग अगदी थोडी, थोड्या वेळापुरती देतो. ती एकूण किती लागेल याचे माप देणाऱ्या तिघांपैकी एक पुण्यात बसून काम करत होता. हे तिसरे वाक्य चित्रपटात नसते, ते आपणच सांगायला हवे.

कोल्हापूरहून बनारसला गेलेल्या चोवीस वर्षांच्या प्राध्यापकाला आपल्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाचे उत्तर आणि दुसऱ्याचा प्रश्न पुढे एकाच विषयात येऊन मिळतील, हे ठाऊक असणे शक्य नव्हते. त्यांनी सापेक्षता शिकवली, एवढेच. विष्णुपंत १९९१ मध्ये गेले, जयंतराव २० मे २०२५ रोजी पुण्यात. आपल्या शाळेतही फळ्यावर भिंगांच्या आकृत्या काढणाऱ्या बाई आणि सर होते. त्या आकृत्यांचा पुढे कोणी काय उपयोग केला याचा हिशेब त्यांनी मागितला नाही. त्यांच्यापैकी जे या मेळाव्याला येतील त्यांना, आणि जे आता नाहीत त्यांना, तुकडीतर्फे नमस्कार.

एक सूचना करून थांबतो. शाळेच्या ग्रंथालयात जयंतरावांची 'यक्षांची देणगी' आणि 'चार नगरांतले माझे विश्व' ही दोन पुस्तके, प्रत्येकी पाच प्रती, आपल्या तुकडीने द्यावीत. पुस्तके आणून देण्याचे काम माझ्याकडे. कपाटाचे काय करायचे ते मेळाव्यात ठरवू.